थंडीत गाडी धावता धावता बंद पडते? कार्बोरेटरात बर्फ धरतोय का, ते आधी पाहा

थंडीत सकाळी गाडी चालूच होत नाही, ते दुखणं वेगळं. हा लेख दुसऱ्या दुखण्याबद्दल आहे. गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू होते, गावाबाहेर निघेपर्यंत मस्त चालते. मग दहा-पंधरा मिनिटांनी, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात असताना पिकअप जातो. ॲक्सिलेटर दाबला तरी गाडी ओढत नाही, झटके मारते, आणि वेग कमी करून न्यूट्रल केली की बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायला येते. शेवटी माणूस कंटाळून टपरीवर चहा घेतो, परत येऊन चावी फिरवतो, तर गाडी काही झालंच नव्हतं अशी चालू!

मिस्त्रीकडे पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि गाडी ठणठणीत. "काई नाई झालं भाऊ गाडीले, कचरा आला असन पेट्रोलमंधी," म्हणत तो जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) फुंकून देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. कॉइल बदलून होते, पेट्रोल पंप बदलून होतो, प्लग तर दोनदा बदलतात. दुखणं जागच्या जागी. आणि फेब्रुवारी सरला की ते आपोआप जातं, म्हणून सगळे विसरतात.

यातल्या बऱ्याच गाड्यांना एकच आजार असतो. कार्बोरेटरच्या आत, म्हणजे जुन्या पेट्रोल गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो.

आपल्याकडे बर्फ कुठून येणार?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि बरोबरच आहे. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण तो विक्रम. एरवी गोंदिया, यवतमाळ किंवा मेळघाटाच्या पायथ्याशी थंडीची लाट आली की पहाटे सात-आठ अंश. पाणी गोठायला शून्य लागतं.

पण तो शून्य बाहेरच्या हवेत नको असतो, कार्बोरेटरच्या घशात लागतो, आणि तिथे तो गाडी स्वतःच तयार करते. पेट्रोल जेटमधून बाहेर पडलं की त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आजूबाजूच्या हवेतून आणि धातूतून ओढली जाते. हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं, त्याचं कारण हेच. शिवाय घसा अरुंद असल्यामुळे तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, त्यानं हवा आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान सहज १५-२० अंशांनी खाली येतं. बाहेर दहा अंश असतील, तर आत शून्याच्या खाली गेलेलं असतं. हवेत दमटपणा असला की तो पाण्याचा अंश थ्रॉटलच्या पाकळीवर (ॲक्सिलेटर दाबला की उघडते ती) आणि तिच्या भोवती गोठत जातो. हवेची वाट अरुंद होते, मिश्रण जाड होतं, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त, आणि गाडी गुदमरते. थांबल्यावर इंजिनाची धग वर चढते, बर्फ वितळतो, पाणी इंजिनात ओढलं जातं आणि वाफ होऊन सायलेन्सरातून निघून जातं. मागे पुरावा उरत नाही.

म्हणजे थंडीइतकाच दमटपणा महत्त्वाचा. विदर्भाची दुपार हिवाळ्यात कोरडी असते, पण पहाट नसते. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, वैनगंगेचा काठ, वरुड-मोर्शीचे संत्र्याचे बगिचे, आणि रात्रीच्या विजेवर गहू-हरभऱ्याला दिलेलं ओलीत. अशा रस्त्यांवर पहाटे पाच ते साडेआठ-नऊ या वेळात धुकं आणि दव दोन्ही असतं. अशा हवेत वीस-पंचवीस किलोमीटर एकाच वेगात गेलात, की बर्फ धरायला सगळं जुळून आलं.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं. इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता लागते. अल्कोहोल पाण्यात मिसळतं आणि बर्फ घट्ट धरू देत नाही हेही खरं, पण घसा गार करण्याचं काम ते जास्त जोरात करतं. पंपावर सर्रास ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळत असताना जुन्या गाडीवाल्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

खरं कारण मे महिन्यात

गाडी बनवणाऱ्यांना हे सगळं माहीत होतं. म्हणून जुन्या मोटारींत तीन सोयी दिलेल्या असायच्या. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरची (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग) गरम हवा एअर क्लीनरमध्ये आणणारा पाईप, कार्बोरेटरच्या खालच्या इनटेक मॅनिफोल्डमधून (मिश्रण इंजिनात नेणारा भाग) फिरणारं इंजिनाचं गरम पाणी, आणि इंजिन लवकर तापवून एका तापमानावर ठेवणारा थर्मोस्टॅट.

आता आपल्या भागातल्या कोणत्याही जुन्या मारुती ८०० चं किंवा ओमनीचं बॉनेट अथवा सीट उचलून पाहा. गरम हवेचा पाईप नसतो. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नसतो. फॅन डायरेक्ट केलेला असतो, म्हणजे चावी फिरवली की फिरायला लागतो. हे सगळं मे महिन्यात पारा ४५-४६ ला असताना, गाडी गरम होते म्हणून केलेलं असतं. त्या दिवशी तो इलाज चालून जातो. डिसेंबरात तीच गाडी तासभर चालूनही कोमट राहते.

त्यामुळे या दुखण्याचा इलाज म्हणजे बहुतेक वेळा नवीन काही बसवणं नाही. उन्हाळ्यात काढलेलं परत बसवणं आहे.

आधी खात्री करा

इलाजाला हात घालण्याआधी बर्फच आहे ना, ते पाहायला पाहिजे. घाई करू नका, पैसे इथेच वाया जातात.

पहिली खूण वेळेची. हेच दुखणं दुपारी दोनला, कोरड्या उन्हात होत असेल तर बर्फ नाही. फक्त पहाटे, धुक्यात किंवा पावसाळी गारठ्यात होत असेल, तर संशय पक्का धरा.

दुसरी खूण गाडी बंद पडल्यावर लगेच मिळते, पण त्यासाठी सेल्फ मारत बसायचं नाही. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, इंडिकेटर चालू ठेवा (धुक्यात मागून ऊस किंवा कापसाची गाडी येत असते), आणि मिनिटभराच्या आत बॉनेट उघडा. कार्बोरेटरच्या बाहेरच्या अंगाकडे पाहा. वरचा भाग नुसता दमट असेल, पण खाली, इनटेक मॅनिफोल्डला जोडतो त्या फ्लँजजवळ, दवाचे थेंब दाटलेले दिसतील. जोर जास्त असेल तर डीप फ्रीजरच्या भिंतीवर साचतो तसा पांढरा खरखरीत थर दिसतो, नखानं खरवडता येतो आणि बघता बघता ओला होऊन ओघळतो. इंजिनाचा बाकी भाग गरम आणि एवढाच भाग बर्फासारखा गार, हे हाताला कळतं. फक्त हात लावताना सायलेन्सरचा मॅनिफोल्ड आणि फॅन यांपासून लांब राहा. काही गाड्यांचा फॅन इंजिन बंद असतानाही फिरतो.

मग दहा मिनिटं काहीच करू नका. त्यानंतर चोक न ओढता गाडी चालू करा. एका सेल्फला चालू होऊन स्लो (ॲक्सिलेटर न देता इंजिन चालतं तो वेग) नीट पकडला, तर निदान झालं.

चोकचं मुद्दाम सांगतो. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. थंडी आहे म्हणून बंद पडलेल्या गाडीचा चोक ओढायची सवय असते. बर्फानं हवेची वाट आधीच अडवलेली असते, मिश्रण जाड झालेलं असतं. त्यात चोक ओढला की प्लग ओले होतात, आणि मग बर्फ वितळला तरी गाडी चालू होत नाही.

बर्फासारखी लक्षणं दाखवणारे आणखी तिघे आहेत. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल, तर टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल येणं थांबतं. बंद पडल्यावर झाकण उघडलं की सुस्स करून हवा आत जाते, गाडी लगेच चालू होते. हे उन्हाळ्यातही होतं. दुसरं कारण कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीला वीज देणारा भाग. तापल्यावर ठिणगी कमजोर होते, थंड झाली की परत येते. बंद पडल्याबरोबर ठिणगी तपासली की कळतं. मात्र ठिणगी पाहताना जवळ पेट्रोलची ओल नको.

तिसरं पेट्रोलमधलं पाणी. कार्बोरेटरच्या बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. खाली वेगळा थर बसला, तर टाकी साफ करायला लागेल. इथेनॉलवालं पेट्रोल थोडंसं पाणी पोटात घेतं आणि जास्त झालं की अल्कोहोलसकट वेगळं होऊन तळाला जातं. बरेच दिवस अर्ध्या टाकीनं उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास पाहा.

पहिला इलाज: गरम हवेचा पाईप

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी इलाज हाच. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पत्र्याचं आवरण आहे का ते पाहा. त्याला एक नळीसारखं तोंड असतं. तसंच एक तोंड एअर क्लीनरच्या सोंडेला खालून असतं. या दोहोंना जोडणारा पाईप फाटला की मिस्त्री तो काढून टाकतात आणि नवा लावत नाहीत.

दोन्ही तोंडांचा बाहेरचा व्यास मोजा आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून त्या मापाचा घड्यांचा लवचिक ॲल्युमिनियम पाईप आणा. प्लास्टिकचा किंवा कापडी पाईप लावू नका, मॅनिफोल्डजवळ तो जळतो आणि वर पेट्रोलची नळी असते. लांबी नेमकी ठेवा. दोन्ही टोकांना क्लिप आवळा. पाईप फॅन बेल्टला, प्लगच्या वायरींना आणि पेट्रोलच्या नळीला घासणार नाही असा बसवा. पत्र्याचं आवरणच गायब असेल तर भंगारातून त्याच गाडीचं मिळतं. नाहीतर पत्र्याचं काम करणारा कारागीर जुन्याच्या नमुन्यावर करून देतो. मॅनिफोल्ड आणि पत्रा यांत बोटभर फट राहू द्या, त्या फटीतून हवा तापत आली पाहिजे.

एक गोष्ट बसवण्याआधीच पाहा: मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलेलं नाही ना. फुटलेलं असेल तर गरम हवेबरोबर धूरही एअर क्लीनरमध्ये ओढला जातो, फिल्टर काळा पडतो आणि गाडी नव्यानं मिसिंग करायला लागते.

आता सोंडेतली झडप. काही गाड्यांत ती हातानं फिरवायची असते, उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन जागा असतात. हिवाळ्याच्या जागेवर फिरवा, संपलं. काहींत ती व्हॅक्यूमच्या बारीक नळीवर आपोआप चालते. थंड इंजिन चालू केल्यावर झडपेनं थंड हवेची वाट बंद करायला हवी आणि इंजिन तापत जाईल तशी ती उघडायला हवी. हलत नसेल तर नळी काढून तोंडानं ओढून पाहा. झडप उचलली आणि तशीच राहिली तर ती चांगली आहे, दोष नळीत किंवा तापमानाच्या वॉल्वमध्ये आहे. उचललीच नाही तर तिचा पडदा फाटलाय. पडदा मिळेपर्यंत झडप गरम हवेच्या बाजूला तारेनं बांधून हिवाळा काढता येतो.

दुसरा इलाज: थर्मोस्टॅट आणि फॅन

पाईप लावूनही सकाळी इंजिनाचा काटा खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात नसेल, तर थर्मोस्टॅट नाही असं समजा.

नवा आणल्यावर लगेच बसवू नका, घरी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅसवर ठेवा. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, बऱ्याचदा ८२ किंवा ८८. पाणी उकळायच्या आधी तो उघडायला लागला पाहिजे आणि गार पाण्यात घातला की बंद झाला पाहिजे. हे पातेलं नंतर स्वयंपाकाला परत देऊ नका.

इंजिन पूर्ण थंड असताना काम धरा. तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडून भाजलेले हात दर उन्हाळ्यात पाहायला मिळतात, हिवाळ्यातही ते तसंच उडतं. रेडिएटरखाली घमेलं ठेवून थोडं कूलंट काढा. घमेलं अंगणात उघडं ठेवू नका. कूलंट गोडसर लागतं, कुत्री आणि जनावरं पितात, आणि ते विष आहे. वरचा होज पाईप जातो त्या घराचे बोल्ट काढा, जुनं पॅकिंग खरवडून पृष्ठभाग साफ करा. थर्मोस्टॅटची स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, बारीक हवेचं छिद्र असेल तर ते वर. उलटा बसला तर इंजिन खरंच गरम होईल, आणि मग "पाहा, म्हणूनच काढला होता" हे ऐकावं लागेल. नवं पॅकिंग लावा, बोल्ट आळीपाळीनं आवळा. कूलंट हळूहळू भरा, झाकण न लावता गाडी चालू ठेवा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत भरत राहा. वरचा होज आधी गार राहून नंतर एकदम गरम झाला, तर काम बरोबर झालं.

फॅन डायरेक्ट केलेला असेल तर त्याचा थर्मो-स्विच (इंजिन तापल्यावरच फॅन चालू करणारा) परत जोडून घ्या. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे, त्याला स्पष्ट सांगा की डायरेक्ट नको. उन्हाळ्यात गाडी खरंच गरम होत असेल, तर रेडिएटर तुंबलाय किंवा वॉटर पंप गेलाय. थर्मोस्टॅट काढणं हा त्याचा इलाज नव्हे.

हे होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून रेडिएटरच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यासमोर पुठ्ठा बांधता येतो. त्याहून जास्त झाकू नका, काट्यावर नजर ठेवा आणि ऊन पडलं की काढा.

तिसरा इलाज: इनटेक मॅनिफोल्डचं गरम पाणी

अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या गाडीवाल्यांनी हा भाग सोडू नये. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरात ओतलं, की क्षार आणि गंज आधी बारीक वाटांत बसतात. मॅनिफोल्डची वाट बारीकच असते.

इंजिन तापल्यावर मॅनिफोल्डला जाणारा आणि तिथून परतणारा, दोन्ही होज हातानं चाचपा. एक गरम आणि दुसरा गार, म्हणजे वाट बंद. इंजिन थंड झाल्यावर दोन्ही होज काढा, एका तोंडातून साध्या पाईपनं हळू दाबानं पाणी सोडा, मग उलट बाजूनं. लालसर गाळ निघत राहील, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. ॲसिड टाकून साफ करायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ॲल्युमिनियमचा हेड आणि मॅनिफोल्ड त्यात खाल्ला जातो. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट हेच भरा. पूर्वी पाण्याची वाटच बुजवून टाकलेली असेल, होजच्या तोंडाला बोल्ट ठोकलेला असेल, तर तो काढून नवे होज लावून घ्या.

दर इलाजानंतर त्याच रस्त्यानं, त्याच वेळी, धुक्याच्या दिवशी गाडी नेऊन पाहा. तिन्ही कामं एकदम केलीत तर दुखणं कशानं गेलं ते कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी तेच परत शोधत बसाल.

कार्बोरेटरचं ट्यूनिंग सगळ्यात शेवटी करा. स्लो फारच खाली ठेवला असेल तर थोडा वाढवा, फिल्टर घाण असेल तर बदला. जेट मोठे करण्याच्या भानगडीत पडू नका.

मोटारसायकल

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) आलं आणि नव्या गाड्या जवळजवळ सगळ्या इंजेक्शनच्या झाल्या, पण खेड्यात अजून जुनी स्प्लेंडर, बॉक्सर, बुलेट, आरएक्स १०० भरपूर आहेत. त्यांना पाणी नाही, गरम हवेचा पाईप नाही, आणि कार्बोरेटर थेट वाऱ्यात. त्यांच्यापुढे मार्ग कमी. निघण्याआधी दोन मिनिटं इंजिन गरम करा. कार्बोरेटरच्या बाजूनं थेट वारा लागणार नाही असा रबरी पडदा किंवा जुन्या मडगार्डचा तुकडा लावा. इंजिनाच्या पंख्या (गार करणाऱ्या फिन्स) मात्र झाकू नका, आणि पडदा सायलेन्सरच्या बेंडला टेकू देऊ नका. एकाच थ्रॉटलवर मैलोन्‌मैल जाऊ नका. बंद पडलीच तर कार्बोरेटरवर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं तरी पाच मिनिटांत भागतं.

ट्रॅक्टर चालू होत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी चिंधी पेटवून धरणारे लोक आहेत. पेट्रोलच्या गाडीजवळ तो प्रयोग कधीही करायचा नाही.

घाटात

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे. पहाटे तिथून परतवाड्याकडे उतरताना ॲक्सिलेटर बंद, इंजिन गार होत चाललेलं, आणि जवळजवळ मिटलेल्या पाकळीच्या फटीतून ओली हवा वेगानं ओढली जातेय. बर्फाला याहून चांगली जागा नाही. गाडी वरच्या वळणांवर काहीच सांगत नाही, खाली आल्यावर ॲक्सिलेटर दिला की कळतं. म्हणून उतरताना खालचा गिअर ठेवा, सरळ आणि मोकळा तुकडा मिळेल तिथे अधूनमधून हलकी रेस देत राहा, न्यूट्रल कधीच करू नका. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद पडलं की एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतो, पण पूर्ण ताकदीनं दाबावा लागतो. अशा वेळी पेडल सारखं दाबून सोडू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या.

होळीच्या सुमारास सोंडेची झडप उन्हाळ्याच्या जागी फिरवा, किंवा गरम हवेचा पाईप काढून त्याचं मॅनिफोल्डवरचं तोंड मोकळं ठेवा. उन्हाळ्यात गरम हवा ओढली तर चढावर इंजिन टिकटिक वाजतं आणि ताकद जाते. पाईप गाडीतच, स्टेपनीखाली ठेवा. थर्मोस्टॅट मात्र काढू देऊ नका.